बाराला आठ कमी

भोंगेवाल्यानं काउंटरच्या काचेवर आपलं खिशातलं घड्याळ ठेवलं. घड्याळजीनं सवयीनं ते उचललं, समोरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, आणि ते सेकंदाला सेकंद बरोबर निघालं तेव्हा त्यानं पुन्हा एकदा ताडून पाहिलं. एरवी घड्याळ बरोबर निघालं की त्याला बरं वाटायचं. आपणच दोन महिन्यांपूर्वी उघडून, तेलपाणी करून, आठ दिवस खुंटीला टांगून तपासलेलं घड्याळ तसंच चाललंय म्हटल्यावर कुठल्या कारागिराला बरं वाटणार नाही? पण गेले तीन आठवडे तो एकाच आशेवर तग धरून होता, की हे घड्याळ बिघडलं असेल. कमान सैल पडली असेल, धूळ गेली असेल, काहीही झालं असेल, पण ते आठ मिनिटं पुढे पळालं असेल. म्हणजे मग त्या दिवशी भोंगा आठ मिनिटं आधी झाला तो घड्याळाच्या खोडीनं, आणि आपण फोनवर जे बोललो ते नुसतं बरोबरच बोललो. इतकी साधी आशा होती. ती आता काचेवर टिकटिक करत पडली होती आणि तिच्यात एका सेकंदाचीही खोट नव्हती.

भोंगेवाला म्हणजे घड्याळजीच्या ताईच्या गावचा भोंगेवाला. बसनं चार तास लागतात. गावात पाण्याच्या टाकीवर नगरपालिकेनं बसवलेला एक भोंगा आणि तो वाजवायला हा एक माणूस, सव्वीस वर्षं. त्या भागात आभाळातून सोंड उतरते. काळी, गरगरणारी, जमिनीला टेकली की वाटेत येईल ते उचलून नेणारी. पेपरवाले तिला चक्रवात म्हणतात, गावची माणसं सोंड म्हणतात. येते पंधरा-वीस वर्षांतून एकदा, पण येते. म्हणून तर तिथं प्रत्येक घराच्या जिन्याखाली जाड भिंतींची, बिनखिडकीची एक खोली असते. सोंड येणार असली की लागोपाठ तीन भोंगे द्यायचे, आणि यंत्र गंजू नये म्हणून रोज दुपारी बाराला एक, असा नियम. पण रोजची गोष्ट झाली की माणूस तिला आपल्या कामाला जुंपतो. त्या बाराच्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळं लावू लागलं. भोंगा झाला की घराघरांत कुणीतरी मान वर करणार, घड्याळ मागे असेल तर पुढे करणार, पुढे असेल तर मागे. शाळा, गिरणी, दवाखाना, सगळा कारभार भोंग्यावर. घड्याळजीला याची मौज वाटे आणि थोडा रागही येई. "तुमच्या गावात वेळ नसते, नुसता आवाज असतो," असं तो ताईला म्हणायचा. ताई म्हणायची, "आमचं काही अडत नाही हो, मिनिटराव." मिनिटराव हे तिनंच ठेवलेलं नाव. नऊ वर्षांचा असताना हा स्टुलावर चढून घरचं घड्याळ रेडिओशी जुळवायचा आणि जुळेपर्यंत कुणाला ताटावर बसू द्यायचा नाही, तेव्हापासूनचं.

भोंगेवाला पहिल्या बसनं आला होता. शर्ट दुसऱ्या कुणाचा तरी होता, खांद्यावर सैल, मनगटाशी तोकडा.

"दादा, एक चिठ्ठी हवी," तो म्हणाला. "हे घड्याळ पुढंमागं जात नाही, एवढंच लिहा. दुकानाचा शिक्का मारा. शुक्रवारी चौकशी आहे."

"कसली चौकशी?" घड्याळजीनं विचारलं. माहीत असून विचारलं.

"मी भोंगा दिलाच नाही म्हणतात. रोजचा बाराचा वाजवला आणि डबा खायला बसला म्हणतात." तो काचेकडे बघत बोलत होता. "हवामानवाल्यांचा फोन आला, मी घड्याळ बघितलं, बाराला आठ कमी होती. कळ दाबली. पहिला भोंगा झाला आणि वीज गेली. तीन द्यायचे असतात, पण दुसरा कशानं देऊ? हातघंटा घेऊन टाकीवर वाजवत बसलो. ती चौकापलीकडं ऐकू जात नाही. माणसं खाली आपापली घड्याळं लावत होती, दादा. मला वरून दिसत होती. गिरणीचा रखवालदार तर मला हात करून गेला."

"हवामान कार्यालयाकडे नोंद असेल की. फोन कधी केला त्याची."

"आहे. त्यात लिहिलंय, बाराच्या सुमारास."

सुमारास. या शब्दावर घड्याळजीचा जन्माचा राग. गिऱ्हाईक म्हणालं, संध्याकाळच्या सुमारास येतो, तर हा विचारायचा, म्हणजे किती वाजता? आज त्यानं काही विचारलं नाही. भोंगेवाल्यानं सांगितलं, की नोंदवही टाकीशेजारच्या खोलीत होती, ती खोलीच गेली. एवढं घड्याळ खिशात होतं म्हणून राहिलं. बायकोला मदतीच्या रांगेत कुणी उभं राहू देत नाही. रांगेतली माणसं काही बोलत नाहीत, नुसती सरकून तिची जागा बुजवतात. मग तो म्हणाला, "बाराला आठ कमी होती हे कुणालाच कसं कळलं नाही, दादा? एवढ्या मोठ्या गावात एकाही माणसाकडं बरोबर घड्याळ नसावं?"

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं आणि उगीचच घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आत सगळं स्वच्छ होतं, त्याच्याच हातचं. "ठेवून जा," तो म्हणाला. "तपासल्याशिवाय कसं लिहून देऊ? चारला या."

"पाचची बस आहे."

"चारला या म्हटलं ना."

तो गेल्यावर दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातला चष्मेवाला खोकला. दुकान दोघांत होतं, मधे एक काचेचं कपाट. चष्मेवाला बोलका माणूस, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पण सोंड आली त्या मंगळवारी तो दुकानातच होता, घड्याळजीला फोनवर मोठ्यानं हसताना त्यानं ऐकलं होतं, आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्या फोनबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता. मैत्री म्हणतात ती हीच असावी, आणि तिचाच घड्याळजीला आताशा जाच होत होता. कुणीतरी विचारलं असतं तर एकदाचं सांगून मोकळं होता आलं असतं. न विचारणाऱ्या माणसाला काय सांगणार?

त्या मंगळवारी साडेअकराला ताईचा फोन आला होता. फोन उचलला की ती आधी विचारायची, "मिनिटराव, आहेस का गेलास?" आणि मग उत्तराची वाट न बघता बोलत सुटायची. फोनची वायर तिनं मुद्दाम लांब करून घेतली होती, म्हणजे कान फोनला ठेवून सगळ्या घरभर हिंडता येई. बोलता बोलता भांडी लागायची, नळ सुटायचा, दार लोटलं जायचं. घड्याळजी रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून चिमट्यानं आपलं काम करत राही. त्या दिवशी कपाटाचं चाललं होतं. बाहेरच्या खोलीतलं मोठं कपाट दाजींनी आत हलवावं म्हणून ती चार वर्षं मागे लागली होती, आणि दाजी रविवारी, रविवारी म्हणत चार वर्षं काढत होते. "तुमच्या दाजींचा रविवार काही कॅलेंडरात नसतो," ती म्हणाली. "तूच ये आणि समजाव." आणि तेवढ्यात फोनमधून भोंगा ऐकू आला, लांब, एकच. घड्याळजीनं सवयीनं मान वर केली. दुकानातल्या भिंतीवर एकवीस घड्याळं होती आणि एकवीसच्या एकवीस सांगत होती, बाराला आठ कमी.

"ताई, तुमचा भोंगा पुढे धावतोय."

"बारा वाजले की."

"बाराला आठ कमी आहेत. भोंगेवाल्याला आज भूक लवकर लागलेली दिसते. बाराचा वाजवून डबा उघडला असेल त्यानं."

ताई हसली. तिचं हसणं आधी नाकात यायचं आणि मग बाहेर पडायचं. "थांब, घड्याळ लावून घेते," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अगं, घड्याळ बरोबर आहे तुझं. मीच लावून गेलोय. भोंगा चुकलाय."

"गाव भोंग्यावर चालतं बाबा, तुझ्या दुकानावर नाही," ती वरून, खुर्चीवरून बोलत होती. मग म्हणाली, "हे बघ, लाइट गेली."

आता काउंटरवर उघड्या पडलेल्या घड्याळातलं चक्र डावीउजवीकडे झुलत होतं आणि घड्याळजी ते बघत बसला होता. या घड्याळाचं काळीज त्यानं स्वतः चिमट्यात धरून पाहिलं होतं. हे घड्याळ दिवसाला चार सेकंदांपलीकडे हलणार नाही, असं तो त्या मंगळवारी छातीवर हात ठेवून सांगू शकला असता. म्हणजे भोंगा चुकून आधी होणं शक्यच नव्हतं, आणि ते शक्य नाही हे साऱ्या जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. त्याच्याकडे सगळं होतं. बरोबर वेळ होती, भोंगा कानात होता, भोंग्याचं घड्याळ आपल्याच हातचं आहे ही खात्री होती. दोन अधिक दोन करायचे होते फक्त. ते त्यानं केले नाहीत, कारण दुसऱ्याचं घड्याळ चुकलंय असं म्हणायची संधी मिळाली होती, आणि जन्मभर त्याला त्याहून गोड काही लागलं नव्हतं. अक्कल विकून शहाणपणा मिरवणं म्हणतात ते हेच.

भोंग्यानंतर ती एकदा म्हणालीही होती, "ठेवते आता. आभाळ काळंनिळं झालंय, वाळत घातलेले कपडे काढते."

"कपडे कुठे पळून चाललेत?" हा म्हणाला. "ऐक, एक सांगायचं राहिलंच." आणि त्यानं तिला त्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, ज्यानं वडिलांचं घड्याळ मेलं म्हणून रडकुंडीला येऊन दुकानात आणलं होतं, आणि घड्याळाला काही झालं नव्हतं, नुसती चावी द्यायची राहिली होती. गोष्ट तशी लहान, पण त्यानं रंगवून सांगितली. गिऱ्हाइकाचा आवाज काढला, त्याच्या बायकोचा काढला. ताई हसत होती. तिच्या हसण्यामागे कसलीशी घरघर सुरू झाली होती, फोन जुना, घरघरतोच. मग ती म्हणाली, "थांब हं, दार कोण एवढं वाजवतंय बघते," आणि रिसीव्हर हातात घेऊनच ती निघाली असणार, कारण तिचा श्वास ऐकू येत होता. मग श्वासही नाही आणि घरघरही नाही. घड्याळजी रिसीव्हर खांद्यात धरून आणखी चार मिनिटं थांबला, एका मनगटी घड्याळाचा काटा बसवत. दारात शेजारीण आली असेल, गप्पांत रमली, नेहमीचंच. मग त्यानं फोन ठेवला आणि डबा खाल्ला. पूर्ण खाल्ला, हे त्याला आठवत होतं. चार वाजता चष्मेवाल्याच्या रेडिओवर गावाचं नाव आलं.

दुसऱ्या दिवशी तो तिथं पोचला तेव्हा त्याला गल्लीच सापडेना. वीस वर्षं येत होता, डोळे बांधून आला असता, पण वळायचं कुठे हे सांगणारं काही उभंच नव्हतं. गावाच्या मधून एक पट्टा पुसल्यासारखा गेला होता, आणि पट्ट्याच्या कडेला एका घराची खिडकी पडद्यासकट शाबूत होती. गिरणीचे पत्रे शाळेच्या मैदानात पडले होते. एक बाई नसलेल्या घराचा उंबरा झाडत होती, पुन्हा पुन्हा तीच दोन हात जागा, आणि तिला थांब म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. न्हाव्यानं उघड्यावर खुर्ची मांडली होती आणि माणसं खरंच दाढीला बसली होती, कारण बसायला गावात तेवढी एकच जागा उरली होती. सव्वीस माणसं गेली होती. जगलेले एकमेकांना विचारत होते, तुमचं घर कुठलं हो? दहा पिढ्यांचे शेजारी. मदतीला आलेल्या लोकांनी ढिगाऱ्यातून निघालेल्या वस्तू शाळेच्या व्हरांड्यात मांडल्या होत्या, भांड्यांची एक रांग, चपलांची एक, आणि एक रांग घड्याळांची. घड्याळजी त्या रांगेपुढे उभा राहिला. काचा फुटलेली, लंबक तुटलेली चाळीसएक घड्याळं, आणि त्यांतली बहुतेक बारा वाजून तेरा मिनिटांवर थांबलेली. सोंड गावात शिरली ती बारा वाजून पाच मिनिटांनी, हे रेडिओवर सांगितलं होतं. उरलेली आठ मिनिटं गावानं स्वतःच्या हातानं, खुर्च्यांवर चढून, पुढे केलेली होती. लोक म्हणाले, इथली घड्याळं मेली कधीच बरोबर नव्हती.

आणि दाजी. गिरणीच्या तळघरात होते म्हणून वाचले. ताई सापडली ती जिन्याखालच्या खोलीत नाही, बाहेरच्या खोलीत, कपाटाखाली, हातात रिसीव्हर. "मला फोन लावत होती," दाजी येईल त्याला सांगत होते. "गिरणीचा नंबर तिला पाठ होता. शेवटी माणसाला आपलं माणूसच आठवतं." लोक मान हलवत होते. घड्याळजीकडे बघूनही दाजी तेच म्हणाले, आणि त्यानंही मान हलवली. मान हलवायला काय लागतं? तो एवढंच खोटं बोलला होता, आणि तेही न बोलता. मग पारावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "भोंगेवाला बाराचा वाजवून डबा खायला बसला," आणि घड्याळजीला वाटलं, आपलेच शब्द. ते इथं कसे आले? कुणी आणले नव्हते. सोपी गोष्ट कुणालाही सुचते. पण त्या दिवसापासून ते वाक्य ऐकलं, की हे आपणच गावात सोडलंय, असं त्याला वाटायचं, आणि ते काही केल्या जायचं नाही.

जिन्याखालची खोली त्याला चांगली माहीत होती. पाच-सहा वर्षांमागे तो गेला असताना सरावाचा दिवस होता. तीन भोंगे झाले की सगळ्यांनी खोलीत जाऊन दार लावायचं. याच्या खिशात शर्यतीत वापरतात तसलं घड्याळ होतं, दुरुस्तीला आलेलं. "चल ताई, बघू किती चपळ आहेस," म्हणत त्यानं कळ दाबली. ताई स्वयंपाकघरातून निघाली, दाराला धडकली, चप्पल सुटली, "मेल्या, हसवू नकोस," म्हणत खोलीत शिरली आणि दार ओढून घेतलं. दाजी जिन्यावर बसून टाळ्या वाजवत होते. बावीस सेकंद. त्यानं तो आकडा जाहीरही केला होता, पदक देतात तशा थाटात.

तीन वाजायला आले. घड्याळजीनं दुकानाचा छापील कागद ओढला आणि लिहिलं, सदर घड्याळ मी स्वतः तपासले असून ते बिनचूक चालते. इथवर सोपं होतं. शिक्का मारला असता की संपलं. पण त्या कागदाचा उपयोग शून्य, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. चौकशीवाले म्हणतील, घड्याळ बरोबर असेल हो, पण ते बघून तू भोंगा कधी दिलास याला पुरावा काय? पुरावा एकच, आणि तो काउंटरमागे बसला होता. खाली आणखी एक ओळ लिहायची होती. ती लिहिली की भोंगेवाला सुटला. पण मग चौकशीत विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मग फोन. मग फोनवर कोण होतं? आणि मग दाजींच्या हातात जे एवढंसं उरलंय तेही काढून घ्यायचं, तुम्हाला नाही हो, मला. एका माणसाला वाचवायचं तर दुसऱ्याला त्याच्याच दारात पुन्हा पुरायचं. आपण काय करावं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. एरवी असलं काही असलं की तो ताईला फोन करायचा. टोपण लावलेलं पेन हातात धरून तो बसून राहिला आणि त्याला रडू येईना.

"येऊ का?" दारात दाजी उभे होते.

चष्मेवाल्यानं चटकन उठून बाक पुसलं. दाजी बसले. कडेवर मूल घ्यावं तसं त्यांनी काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं. दाढी वाढलेली. ताई असती तर त्यांना असं उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं. चादर सोडली, तर आतून भिंतीवरचं घड्याळ निघालं. काच गेलेली, चौकट एका कोपऱ्यात उललेली, काटे बारा वाजून तेरा मिनिटांवर.

"शाळेत सापडलं, रांगेत," दाजी म्हणाले. "मी ओळखलं. चावीला तिनं लाल दोरा बांधला होता बघ."

"चालू होईल," घड्याळजी म्हणाला. "लंबक नवा घालावा लागेल."

"चालू नको करूस. नुसती काच बसव. काटे आहेत तिथेच राहू देत." त्यांनी तबकडीवरून बोट फिरवलं, न टेकवता. "ही तिची वेळ आहे. बारा तेरा. या वेळेला ती मला फोन लावत होती. मी रोज या वेळेला बसतो थोडा."

घड्याळजीनं घड्याळ पुढ्यात ओढलं. काच मोजायला पट्टी घेतली, खाली ठेवली. गप्प राहायचं त्याच्या मनात होतं. अगदी ठरवलं होतं. पण जन्मखोड कुठे जाते?

"दाजी, ही वेळ बरोबर नाही."

"म्हणजे?"

"आठ मिनिटं पुढे आहे हे घड्याळ. सोंड आली तेव्हा बारा पाच झाले होते. तुम्ही रोज चुकीच्या वेळेला बसताय."

दाजी थोडं हसल्यासारखं करत म्हणाले, "आता तरी सोड की, मिनिटराव. तिनं भोंग्यावर लावलं असेल."

"भोंग्यावरच लावलं. भोंगा झाला तेव्हा बाराला आठ कमी होती. तो बाराचा नव्हता, सोंडेचा होता. पहिला झाला आणि वीज गेली. भोंगेवाला खरं बोलतोय."

"तुला काय माहीत? तू इथं होतास."

"ती खुर्चीवर चढून घड्याळ लावत होती तेव्हा मी फोनवर होतो."

चष्मेवाल्यानं आपला रेडिओ बंद केला. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दाजी तबकडीकडे बघत होते. ते सावकाश समजून घेणारे गृहस्थ होते, ताई म्हणायची, यांना विनोद सांगितला की उद्या हसतात. घड्याळजीला त्यांचा चेहरा बघवेना आणि मानही वळवता येईना.

"म्हणजे तो फोन," दाजी म्हणाले.

"माझा होता."

"गिरणीला नव्हता लावत."

"नाही."

"भोंगा तू ऐकलास."

"ऐकला. वेळही बघितली. म्हणालो, भोंगेवाल्याला भूक लागली असेल. ती हसली. मग कपडे काढायला जाते म्हणत होती, मी जाऊ दिलं नाही. गोष्ट सांगत बसलो."

"किती वेळ?"

सुमारे दहा-बारा मिनिटं, असं म्हणता आलं असतं. इतर कुणीही तेच म्हणालं असतं. "तेरा मिनिटं," घड्याळजी म्हणाला.

दाजींनी चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग त्यांनी विचारलं, "काय बोलत होती?"

"कपाटाचं. तुम्ही हलवत नाही म्हणून."

"माझं आणखी काही?"

"नाही. एवढंच."

"हलवलं असतं मी," दाजी म्हणाले. "रविवारी हलवणारच होतो." आणि ते इतक्या साध्या आवाजात बोलले की घड्याळजीला वाटलं, यांनी आपल्या दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. पण दाजी मारणाऱ्यातले नव्हते. ते नुसते बसून राहिले, आणि मोठ्या घड्याळानं चारचे ठोके दिले, त्यामागून बाकीच्यांनी, सगळे एकदम, एकाचाही ठोका इकडचा तिकडे झाला नाही.

भोंगेवाला वेळेवर आला. दारात पाऊल टाकलं आणि दाजींना बघून तिथेच थबकला, परत फिरावं की काय अशा बेतानं. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात क्षमा वगैरे काही नव्हतं, आणि रागही नव्हता. त्यांनी बाकावरची चादर उचलून मांडीवर घेतली आणि थोडे सरकले. भोंगेवाला बसला नाही. सरकणाऱ्या माणसांची त्याला भीती बसली असावी. तो दाराच्या चौकटीला हात धरून उभा राहिला.

"त्याला बस गाठायची असेल," दाजी घड्याळजीला म्हणाले. "काय लिहून द्यायचं ते दे."

घड्याळजीनं कागद ओढला. पहिल्या ओळीखाली लिहिलं, की मंगळवारी भोंगा झाला तेव्हा बाराला आठ कमी होती, मी तो फोनवरून ऐकला. पलीकडे माझी बहीण होती. भोंग्यानंतर तेरा मिनिटं मी तिला बोलण्यात धरून ठेवलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, बारीक, सरळ.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"मिनिटराव," दाजी म्हणाले, आणि हे नाव आता फक्त यांच्याच तोंडी उरलंय, हे घड्याळजीच्या ध्यानात आलं. "तू एकदा मोजलं होतंस ना? जिन्याखाली जायला तिला किती लागतात ते. मी जिन्यावर होतो. आकडा आठवत नाही मला."

घड्याळजीनं पेनाला टोपण लावलं. दाजींनी वाट पाहिली. भोंगेवाला एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण बसचं तो विसरला होता.

"बावीस," घड्याळजी म्हणाला.

"मिनिटं?"

"सेकंद."

दाजींनी मान हलवली, तिकडे पारावर लोक हलवत होते तशीच. "तेही लिही," ते म्हणाले, आणि घड्याळजीनं तेरा मिनिटांच्या खाली तेही लिहिलं.